रकाना सात

१२ जाने., सोमवार
मंजुरी आली! सोलर बसवून देणाऱ्या संस्थेच्या सरांचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी ढवळत होते. वाडीला अनुदानातून सोलर. घरटी दोन दिवे, आणि झऱ्यावर पंप. हातातला डाव तसाच घेऊन वाडीभर सांगत सुटले. खिचडी लागली खाली.
सासूबाईंना, आयला, खरं वाटेना. "सुगंधे, पानी आपसूक वर येनार?"
म्हटलं, सूर्य आणील.
"त्येला दुसरं काम न्हाय व्हय?"
खूप हसलो.

१५ जाने., गुरुवार
माणगावच्या शेठचे दिवाणजी आले. वाडी उभी आहे ती जमीन, वरच्या माळासकट, कागदावर शेठची. आम्ही कातकरी नुसतेच राहतो, पिढ्यान्‌पिढ्या. दिवाणजी एरवी ही चढण चढत नाहीत. चहा नको म्हणाले. मोबाइलवर फोटो दाखवला, आमच्या सोलरच्या अर्जाचा. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला होता, तिथून काढलेला.
"अक्षर तुमचंच ना? सुरेख आहे."
एवढंच बोलून उतरले. शाळा सुटल्यापासून अक्षराचं कौतुक कुणी केलं नव्हतं. पण एवढंच बोलायला चढून का आले, ते कळत नाही.

१६ जाने., शुक्रवार
कळलं.
अर्जाची नक्कल काढून वाचली. रकाना सात, जागेचा सध्याचा वापर. मी लिहिलंय: जागा मोकळी आहे. कोणाचाही वापर नाही.
माळाची जागा ती. इंजिनिअर म्हणाला, झाड नाही, सावली नाही, हीच बेस्ट. कडेच्या दगडांना हात लावणार नाही, असंही म्हणाला. म्हणून मी निर्धास्त. त्या दगडांखाली आमची माणसं पुरलेली आहेत. तिथे आम्ही शेणी थापत नाही, गुरं बांधत नाही, म्हणून तर माळ मोकळा. मला वाटलं खरं तेच लिहितेय.
आणि गेल्या वर्षी घराखालच्या जागा आमच्या नावावर व्हाव्यात म्हणून तहसीलला अर्ज दिला, तोही माझ्याच हातचा. त्यात लिहिलंय: माळावर आमचे पूर्वज पुरले आहेत, हाच आमच्या वस्तीचा पुरावा. दुसरा पुरावा नाहीच आमच्याकडे.
दोन कागद, एकच अक्षर.

१९ जाने., सोमवार
सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, लेखी द्या, रकाना दुरुस्त होईल. पण मग प्रकरण पुन्हा समितीपुढे. कदाचित रद्द. "तुम्ही ठरवा, मॅडम."
मी ठरवायचं! संस्था त्यांची, समिती त्यांची.
ह्यांना फोन केला, विटांच्या भट्टीवर. "तू शिकल्याली हायस, तुला कळंल." शिकलेली होते म्हणूनच हे झालं. भाकरी करपली.

२१ जाने., बुधवार
तालुक्याला, तळ्याच्या बाजारात दिवाणजी भेटले. भेटले कसले, वाटच बघत होते.
"तहसीलला अठ्ठावीसची तारीख लागलीय. दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवणार. पॅनल मात्र खुशाल बसवा, शेठची काही हरकत नाही."
हरकत नाही म्हणाले, तिथेच गोम आहे. पॅनल बसले की माळ मोकळा होता हे आम्हीच दाखवून दिलं. मिरच्या घ्यायच्या राहिल्या.

२३ जाने., शुक्रवार
आयला सांगितलं. रागावली नाही. हात धरून माळावर नेलं.
"ह्यो तुजा सासरा. ह्या दोगी माज्या पोरी, तापानं गेल्या. तू लिवलंस, कोन न्हाय?"
मी रडले. ती नाही रडली. गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "पन पानी तं मिळंल ना?"

२५ जाने., रविवार
वाडी जमवली. पुरुष निम्मे भट्टीवर, बायाच जास्त. सगळं कबूल केलं. वाटलं, मारतील.
बारकी म्हणाली, "मेल्याली मान्सं आपलं पानी भरनार हायेत?" तिचं घर शेवटचं, तिला झरा सगळ्यात लांब. त्यात सातवा महिना चालू आहे तिला.
मागून कुणीतरी, "घरच ग्येलं तं दिवा कुटं लावशीला?"
शेवटी पत्र लिहिलं. जागा मोकळी नाही. खाली सगळ्यांचे अंगठे. बारकीने दिला नाही. तिला कुठल्या तोंडाने बोलू?

२६ जाने., सोमवार
सुट्टी, सगळं बंद. पत्र चारदा वाचलं. पंप जाणार माझ्या एका सहीने. न दिलं तर घरं जाणार, तीही माझ्याच एका सहीने. आई गं.

२७ जाने., मंगळवार
सकाळी संस्थेच्या ऑफिसात पत्र द्यायला निघाले. तळ्याच्या एसटीत बसले, दुसऱ्या थांब्यावर उतरले, चालत परत आले. का, ते मला विचारू नये. वाटेत बारकी दिसली, डोक्यावर दोन हंडे. मला बघून तिने वाट बदलली.
आत्ता सरांचा फोन. साहित्याची गाडी निघालीये. "थांबवायची असेल तर कागद हातात पाहिजे, मॅडम. तोंडी चालत नाही." तहसीलची तारीख उद्या.
आय काठी टेकत माळावर जाऊन बसलीये, सासऱ्यांच्या दगडापाशी. हाक मारली तर वळून बघत नाही.
खाली चढणीला गाडीचा आवाज. बारकी अंगणातून ओरडतेय, "सुगंधे, आली गं गाडी!" रविवारपासून पहिल्यांदाच हसून बोलली माझ्याशी.
पत्र ब्लाउजमध्ये आहे. घामाने अंगठे पुसट झाले नसले म्हणजे मिळवली.