चेलोच्या आधीचा श्वास

प्रिय कानसेन,

हे नाव बाबांनी तुला ठेवलं होतं, म्हणून वापरतेय. मी ठेवलं असतं तर आज दुसरं काहीतरी लिहिलं असतं आणि पोस्टमननेही ते वाचून मान खाली घातली असती.

तुझी डिस्क मिळाली. गुळगुळीत खोकं, आत जाड कागदाची पुस्तिका, तिच्या मागच्या पानावर ‘ध्वनी-शुद्धीकरण’ आणि पुढे तुझं नाव. आईने चष्मा पुसून पुसून ते वाचलं. मग तुझा फोन आला आणि ती म्हणाली, छान झालंय रे, किती स्वच्छ ऐकू येतं. तू खूश झालास, हे मला पलीकडच्या खुर्चीवर बसूनसुद्धा कळलं, कारण तू खूश झालास की फोनमध्येही ओरडतोस. फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. घासायला एक चमचा नव्हता. सगळी भांडी मी घासून पालथी घातली होती. तर बाळा, तू जे ऐकलंस ते खोटं होतं. खरं काय ते मी सांगते, कारण या घरात तुला खरं सांगायची सवय कुणालाच नाही. बाबा असते तर तेही म्हणाले असते, पोराने मेहनत घेतली आहे, बोलू नका त्याला काही. तुम्हा सगळ्यांमध्ये मी एकटीच तोंडाळ.

तुला आठवतो का आपला तो व्हिडिओ? काळा, जड, वर विणलेलं झाकण घातलेला. बाबांनी तो आणला तेव्हा आईला वाटलं, आता घरात बसून सिनेमे बघायला मिळणार. बघायला कुठले! सुट्टीच्या दुपारी जेवण झालं की बाबा कॅसेट लावायचे आणि टीव्हीचं बटण फिरवून चित्र पार काळं करून टाकायचे. म्हणायचे, चित्र मध्ये येतं. आई चिडायची. चित्रच बघायचं नाही तर एवढं धूड आणलंत कशाला, रेडिओ काय वाईट होता? मग तह व्हायचा. एकदा चित्रासकट, एकदा चित्राशिवाय. तू हातात कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन तयारच. व्हिडिओचं हेड तुझ्याशिवाय कुणी साफ करायचं नाही. तेव्हापासूनच तुला साफसफाईचं वेड, आता बोलून काय उपयोग.

आणि सगळ्या सिनेमांत आपला म्हणावा असा एकच. बाबांचा सिनेमा. खरं तर बाबांचं त्यात काय होतं? स्टुडिओच्या वाद्यवृंदात चेलो वाजवणारा माणूस. शेवटच्या पाट्यांमध्ये केस विंचरणारीचं नाव होतं, कुत्र्याला शिकवणाऱ्याचं होतं, बाबांचं नव्हतं. आई दर वेळी त्या कुत्रेवाल्याचं नाव आलं की नाक मुरडायची. बाबा हसायचे. म्हणायचे, अगं, कुत्र्याने काम चांगलं केलंय.

ती जागा तर तू झोपेतही ओळखशील. नवरा बोटीवरून परत येत नाही, आणि ती बाई त्याचे शर्ट एकेक करून घडी घालून पेटीत ठेवते. कुणी बोलत नाही, वाद्यंही सगळी थांबलेली. आणि मग तो श्वास. जरा अडलेला, नाकातून ओढलेला, कारण रेकॉर्डिंगच्या दिवशी बाबांना सर्दी होती. त्याच्यामागून एकटा चेलो. ध्वनिमुद्रण करणारा म्हणे वैतागला होता, पुन्हा घेऊ म्हणाला, पुन्हा घेतलंही. पण संगीतकाराने हट्टाने हाच ठेवला, नंतरचे सगळे मेलेले वाटतात म्हणाला. बाबांना मात्र त्या श्वासाची लाज. तो यायच्या आत ते मुद्दाम खोकायचे, म्हणजे आपल्याला ऐकू येऊ नये. आणि आई त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. सोलायचे मटार बाजूला, इस्त्री बाजूला, आणि बाबांच्या तोंडावर हात. आला बघ, म्हणायची. त्या चेलोतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, तिनेच सांगितलंय मला. तिला श्वास कळायचा. शेजारी झोपणाऱ्या माणसाचा श्वास कुणालाही कळतो.

तू त्याची नक्कल करायचास. गरम सूपचा चमचा तोंडाशी नेताना नेमका तसाच श्वास ओढायचास, आणि बाबा तुला चमचा फेकून मारायचे. घरभर हशा. म्हणून मला हे कुणी सांगू नये की तुला तो ओळखू आला नाही.

बाबा गेले ते घरोघरी फोनमध्ये आवाज साठवायचे दिवस येण्याआधी. फोटो आहेत, तेही फार नाहीत. चेलो आईने संगीतशाळेला देऊन टाकला, कोपऱ्यात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं म्हणून. त्यांच्या बोलण्याचा एक शब्द कुठे राहिलेला नाही. राहिला होता तो एवढा एक श्वास, आणि तो त्या कॅसेटमध्ये. इतक्या वेळा मागेपुढे करून ती जागा झिजली होती, चित्रावर पांढऱ्या रेघा यायच्या, त्या बाईचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे जायचं. पण तो यायचा. तू दूरच्या शहरात शिकायला गेलास, नोकरीला लागलास, मी दाताच्या डॉक्टरांकडे बसायला लागले, दिवसभर लोकांचे आ केलेले जबडे बघून घरी यायचे, आणि आई सांगायची, आज लावली होती गं. काय लावली होती ते विचारायची गरज नसायची. बाबांची आठवण येते असं ती कधीच म्हणाली नाही. लावली होती, एवढंच.

मग तू आलास. तुमची कंपनी जुने सिनेमे धुऊनपुसून डिस्कवर आणतेय, त्यात आपलाही आहे, आणि त्याच्या आवाजाचं काम तुझ्याकडे आलंय. किती नाचलो रे आपण त्या दिवशी! आईने तुझ्या गालावरून हात फिरवला, बाबांचं काम तुझ्याच हातात आलं म्हणाली. ताडून बघायला म्हणून तू कॅसेट मागितलीस, तर तिने ती टॉवेलमध्ये गुंडाळून दिली, वर आणखी एक पिशवी. जाता जाता तू तो व्हिडिओही उचललास. हा डबा आता कशाला ठेवता, नवीन यंत्र आणलंय ना मी, म्हणालास. पुढे मी कॅसेटचं विचारलं तर म्हणालास, बुरशी होती, काम झाल्यावर टाकून दिली. टाकून दिली! घरी विचारावं, असं तुझ्या मनात आलं नाही. मी आईला अजून सांगितलेलं नाही. ती समजते की कॅसेट तुझ्या ऑफिसात कपाटात आहे, कुलपात.

डिस्क लावायची म्हणून मी अर्धी रजा घेतली. घरी येऊन बघते तर आईने ठेवणीतला स्वेटर घातलेला, केस नीट बसवलेले. म्हटलं, काय गं, थिएटरात निघालीस का? तर लाजली चक्क. सिनेमा सुरू झाला आणि खरंच सांगते, तुझ्या लोकांनी चित्र सुरेख केलंय. ते शर्ट निळ्या रेघांचे आहेत हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आई म्हणाली, अगबाई, मी समजत होते पांढरे. मग वाद्यं थांबली. आई पुढे सरकली, अगदी खुर्चीच्या कडेवर. तिचा हातसुद्धा थोडा वर आला, कुणाच्या तरी तोंडावर ठेवायचा असावा तसा. आणि एकदम चेलो.

तिला वाटलं मी चुकून पुढे नेलं. म्हणाली, मागे घे. घेतलं. पुन्हा घेतलं. आवाज वाढवला, इतका वाढवला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फरशीवर काठी आपटली. त्या शांततेत आता काहीच नाही. धूळ नाही, खरखर नाही, माणूस नाही. तुझं काम चोख आहे, त्यात वादच नाही. आई बराच वेळ ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, वाजवतंय कुणीतरी. छान वाजवतंय. हे तिने इतक्या सहज म्हटलं, जणू शेजारच्या घरातून ऐकू येतंय.

मला काय वाटलं ते विचारू नकोस. मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एवढा मोठा घोडा झालास तरी वाटली.

आई आत गेल्यावर मी चिडून त्या डिस्कमधलं बाकीचं काय काय ते बघत बसले, आणि तिथे तू भेटलास. करडा शर्ट, गळ्यात हेडफोन, मागे पडद्यावर नागमोडी रेघा. जुना आवाज आम्ही कसा सुधारला, ते तू लोकांना समजावतोयस. शर्टांची जागा दाखवतोस. म्हणतोस, आधी असं होतं. आणि तो येतो, सर्दीचा, अडलेला, नाकातून. आणि तू बोट वर करून म्हणतोस, हा बघा, इथे एका वादकाचा श्वास आलाय, त्या काळी असे दोष चालवून घ्यायचे. मग म्हणतोस, आता ऐका. आणि हसतोस.

एका वादकाचा! अरे, माझ्या वडिलांचा म्हणायला जीभ जड झाली तुझी? पाट्यांमध्ये नाव नव्हतंच, कुत्रेवाल्याच्याही खाली गेले होते ते, निदान पोराच्या तोंडून तरी एकदा यायला हवं होतं. आणि दोष म्हणे. कुणी काही म्हणेल अशी भीती वाटली, की वशिल्याने काम मिळालं म्हणतील? की तिथल्या लोकांसमोर घरचं काही काढायची लाज वाटते? मी तो तुकडा मुद्दाम पुन्हा लावून तुझं तोंड नीट बघितलं. एका वादकाचा म्हणताना तू डावा कान चोळतोस. लहानपणी खोटं बोलताना चोळायचास तसाच. म्हणजे तुला माहीत होतं. मला वाटलं होतं, हे कळल्यावर माझा राग थोडा कमी होईल. उलट वाढला. न ओळखता पुसलं असतंस तर चूक म्हणता आली असती. तू ओळखून पुसलंस, कारण तुझं काम स्वच्छ दिसायला हवं होतं. कसले रे तुझे कान, आणि कसला तू कानसेन.

मी आईला तो तुकडा दाखवणार नव्हते. पण माझ्या मागे ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळलंच नाही, तिने ऐकलं. एका वादकाचा हेही ऐकलं. शर्ट बरा आहे त्याचा, एवढंच म्हणाली, आणि तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. आता ती तो रोज लावते. रिमोटवर कुठलं बटण दाबायचं ते कळावं म्हणून मी नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय. दुपारचा चहा घेऊन बसते आणि तुझ्यापर्यंत पोचते. वरच्या बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, मुलाचं किती कौतुक आहे हो तुम्हाला, सारखं त्यालाच बघत असता. आई हो म्हणाली. त्या बाईंना काय सांगू, की ती तुला बघत नाही, तू संपायची वाट बघते?

कारण तिला अख्खा तो ऐकूच येत नाही रे. श्वास जेमतेम सुरू होतो आणि त्याच्यावर तुझं ‘हा बघा’ येतं. ती टीव्हीच्या जवळ जाते, कान लावते, आवाज वाढवते. तिने वाढवला की तूही वाढतोस. काल तर खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसली होती आणि तुझ्या तोंडावर हात ठेवला होता. काचेवर. मी दारातून बघितलं आणि तशीच जिना उतरून खाली गेले, थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिले.

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाहीये. मला तुला एक ओळही लिहायची नव्हती. परत आले तेव्हा आईनेच कागद काढून ठेवला होता. फोनवर तिला हे सांगता येत नाही, तुझा आवाज ऐकला की छान झालंय एवढंच तोंडातून निघतं, म्हणून तू लिही म्हणाली. रागावून लिहू नकोस असंही बजावलं होतं, ते मी पाळलेलं नाही, पण निरोप तिचाच आहे आणि तिच्याच शब्दांत देते. सिनेमा पुन्हा नव्याने करायला नको. नाव घालायला नको. कॅसेट राहू दे तुझ्याकडेच, कुलपात आहे ना, मग ठीक आहे. फक्त तू जिथे लोकांना समजावून सांगतोस ना, तिथे तू मध्येच बोलतोस. नको असलेले आवाज काढायचं तुझं कामच आहे म्हणे. तर तेवढ्या जागेपुरता तुझा आवाज काढून, तो तुकडा आईला पाठवशील का?

इतकं बोलूनही तुझीच,
ताई