पाचपैकी पाच

आदरणीय मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि तुमच्या सरोवरातली मासळी, तिघांचीही प्रकृती बरी असावी. आम्ही इकडे जावा बेटावर सुखरूप आहोत. (तुमची भाची तिओमा म्हणते, 'सुखरूप' खोडा. खोडत नाही.)

सध्या माझ्याकडे सरकारी खरेदीच्या संकेतस्थळाचा दर्जा तपासण्याचे काम आहे. व्यापाऱ्यांना भेटायचे, ते वापरायला कसे वाटते विचारायचे, पाचपैकी गुण लिहून आणायचे. अहवाल चांगला गेला की कागदी निविदांची खिडकी कायमची बंद. आजवर प्रत्येकाने पाच दिले. प्रत्येकाने चहाही दिला. तुमची भाची विचारते, यातल्या किती जणांनी ते उघडून पाहिले? हे मलाही सुचले होते, पण ज्याचा चहा प्यायचा त्याला असे कसे विचारावे? (तुमच्याकडे सुमात्रात माणसे तोंडावर बोलतात. आमच्याकडे तोंड असते, बोलणे सवडीने.)

शेवटी कार्सोकाकांना विचारलेच. ते शाळांची बाके करतात. सरकारी शाळांखेरीज त्यांना गिऱ्हाईक नाही.

"फार छान आहे, साहेब. रंग किती सोज्वळ!"

"निविदा भरता आली?"

"ते राहिलं. दोष आमच्या बोटांचा. आत शिरलं की 'क्षमस्व' म्हणतं आणि बाहेर काढतं. पण किती अदबीनं! आमचा जावईसुद्धा इतकं वाकून बोलत नाही."

अदबीसाठी पाच. खिडकी बंद झाली तर बाके घरातच राहणार, हे त्यांना ठाऊक होते. तरी वर सोयाबीनच्या वड्या, तेंपे, तळून आणले.

घरी येऊन मी मन घट्ट केले आणि अहवालात स्पष्ट लिहिले: 'क्वचित कोणास किंचित अडचण भासू शकेल, असे मानण्यास कदाचित जागा असावी. चूकभूल माफ असावी.' आमच्या कचेरीतल्या साहेबांनी (संकेतस्थळ त्यांच्याच देखरेखीखाली झाले) तो मसुदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "इतकं कौतुक नको होतं हो." उद्या अहवाल वर जायचा आहे.

आपला आज्ञाधारक,
प्रास्तोवो

ता. क. आमच्या लग्नात, भर मांडवात, तुम्ही म्हणाला होतात, "पोरगा बरा आहे, पण आवाज कुठे विसरून आलाय?" हल्ली त्या वाक्याची फार आठवण येते. इकडे हवा चांगली आहे. त्रास नसेल तर, सहज, येणे झाल्यास आनंद होईल. साहेबही भेटतील.

आणखी एक ता. क., तिओमाकडून. मामा, याला म्हणायचंय, येऊन साहेबांना खडसवा. आता गरज नाही. अहवाल मी नव्यानं लिहून पाठवला: 'कार्सोंना आतच शिरता येत नाही. शून्य. खिडकी बंद करू नका.' तरी या, याला धीर द्यायला कोणीतरी हवं. सही यानंच केली. मी कागद पुढे धरला. याला नाही म्हणता येईना.