गणन चालू आहे, हात लावू नये

३ फेब्रुवारी, सोमवार

संकल्प जानेवारीत करायचे नसतात, तेव्हा गर्दी असते. म्हणून आजपासून: बिनसाखरेचा चहा. कमी बोलणे, विशेषतः तरुण मुलांसमोर. आणि शत्रूला आकड्यांनी गारद करणे.

शत्रू म्हणजे विद्यापीठाची खर्चकपात समिती. पत्र आलंय. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये 'गणकमित्र' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर कोणी वापरतं तरी का, असा त्यांचा सवाल. नऊ वर्षांपूर्वी मी भांडून घ्यायला लावलेलं सॉफ्टवेअर! पडद्यावरच्या मराठी सूचनासुद्धा माझ्याच. वापर दिसला नाही तर गणकमित्र बंद, आणि लॅबप्रमुख, म्हणजे मी, परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत.

उपाय ठरला. प्रत्येक मशीनवर ट्रॅकर बसवायचा. कोण काय उघडतं, किती वेळ, सगळं बाहेर येईल. हिराला सांगितलं. म्हणाली, अहो, आपल्याकडचा फ्रीज कोण उघडतं तेही कळेल का त्यात? बायकोला विज्ञानात रस नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

संतोषने ट्रॅकर बसवला. संतोष माझा असिस्टंट, मीच घडवलेला. मी मागे उभं राहून मार्गदर्शन केलं. तो म्हणाला, साहेब, आपण जरा उजेड सोडून उभे राहिलात तर बरं होईल. नम्र मुलगा.

चहात अर्धा चमचा साखर. एकदम सोडणं तब्येतीला घातक असतं म्हणे.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १

पहिला रिपोर्ट. गणकमित्र पहिला! ब्राउझर दुसरा! आणि सगळ्यात जास्त वापर कधी, तर दुपारी चारला. जग चहा पितं तेव्हा माझी मुलं गणन करतात. डोळे भरून आले.

संतोषला दाखवलं. तो म्हणाला, साहेब, हे समितीला दाखवायलाच हवं का? मत्सर, दुसरं काय. माणूस घडवावा आणि तो असा निघावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आम्रपाली आली होती. पीएचडी करते. खडकीहून येऊन सकाळी सगळ्यांच्या आधी लॅबच्या दाराशी हजर. माझी खरी शिष्या ही एकच. म्हणाली, सर, त्या रिपोर्टबद्दल थोडं बोलायचं होतं. आभार मानायचे असणार. अवघडली होती बिचारी, म्हणून मीच बोललो, संख्याशास्त्राच्या इतिहासावर, तिची बस चुकेपर्यंत.

कमी बोलण्याचा संकल्प उद्यापासून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा आम्रपाली. म्हणाली, सर, समितीला रिपोर्ट द्यायच्या आधी मला पाच मिनिटं द्याल का? मी सांगितलं, रिपोर्ट गेलासुद्धा! शिवाय समितीला लॅब बघायला बोलावलंय. गुरुवारी, चारच्या ठोक्याला. ती 'बरं' म्हणाली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. भारावली असावी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नागोराव सर म्हणाले, दत्तप्रसाद, अजिबात घाबरू नका, समितीत मी खंबीरपणे पाठीशी उभा आहे. विभागप्रमुख असले तरी मैत्री आहे. इतकी वर्षं रोज एका टपरीवर चहा घेतो आम्ही.

लक्ष्मी रस्त्यावरून नवा शर्ट आणला. हिरा म्हणाली, सत्कार आहे की चौकशी ते कळलं की इस्त्री करते.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही.

चारला समिती आली. मी दार उघडलं. सगळे पडदे चालू, आणि प्रत्येक पडद्यावर लाल अक्षरांत माझं वाक्य: 'गणन चालू आहे. हात लावू नये. कारण विचारू नये.' खुर्च्यांवर मात्र कोणी नाही. एक माणूस नाही. नुसते पंखे फिरताहेत.

समितीच्या अध्यक्षा द्वारका मॅडम. त्यांनी विचारलं, विद्यार्थी कुठे आहेत? मी म्हणालो, गणन मोठं असलं की वेळ लागतो, विचार करायला बाहेर गेले असतील. मॅडमनी चक्क कीबोर्डला हात लावला. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना! आत डेटाच नव्हता. रिकामा तक्ता. शेजारच्या मशीनवरही रिकामा.

तेवढ्यात आम्रपाली आली, हातात वडापाव. मॅडमनी तिलाच विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, मॅडम, तो रुमाल आहे. बसमध्ये खिडकीतून सीटवर टाकतात ना, तसा. चहाला गेलं की कोणीतरी मशीन बळकावतं. गणकमित्र उघडून ठेवलं की सरांची ती पाटी येते. मग कोणाची हिंमत होत नाही.

युक्ती कोणाची, असं मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, माझी. आणि खरं काम? ते फुकटच्या सॉफ्टवेअरवर करतो, संतोषदादांनी बसवून दिलंय.

नागोराव सर खंबीरपणे उभे होते. मॅडमच्या पाठीशी.

फसवलं मला. सगळ्यांनी मिळून, माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच वाक्याने. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

चहात दोन चमचे साखर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा संकल्प: आम्रपालीशी अबोला. संतोषशी अबोला. नागोरावांबरोबर चहा बंद. टपरीवर एकटाच गेलो. टपरीवाल्याने सवयीने दोन ग्लास ठेवले. दोन्ही प्यायलो.

आम्रपाली म्हणाली, सर, मी दोनदा सांगायला आले होते. मी अबोला पाळला. फक्त एवढंच म्हणालो की गुरूच्या पाठीत सुरा खुपसायला अपॉइंटमेंट लागत नाही. त्यानंतर आणखी थोडंसं. अर्धा तास असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

निर्णय आला. गणकमित्र बंद. लॅब चालू राहणार: ज्या अर्थी मुलं जागा धरायला इतकी धडपडतात, त्या अर्थी तिची गरज आहे. लॅबप्रमुखाची नाही. संतोष सांभाळेल. मी १ मार्चपासून परीक्षा विभागात.

नागोराव सर भेटायला आले. म्हणाले, परीक्षा विभागात खिडकीला हवा चांगली येते. हो म्हणालो.

हिराला सांगितलं. एकही टोमणा मारला नाही. शिरा केला. म्हणजे प्रकरण खरंच गंभीर आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबमधला शेवटचा दिवस.

सगळ्या मशीनवरून गणकमित्र काढलं. मुलं हरली नाहीत. पुठ्ठ्यावर माझंच वाक्य लाल पेनने लिहून पाट्या केल्यात. चहाला जाताना कीबोर्डवर ठेवतात. अजूनही कोणी हात लावत नाही.

चारला मीही एक पाटी घेतली, माझ्या टेबलावर ठेवली आणि टपरीवर गेलो. परत येऊन पाहतो तर माझ्या खुर्चीत संतोष. पाटी उचलून नीट बाजूला ठेवलेली. गडबडीने उठायला लागला. म्हणाला, साहेब, मला वाटलं आपण गेलात. बस म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उभाच होतो. बसायला जागा दिसेना. कोपऱ्यातून आम्रपालीने पाहिलं आणि स्वतःच्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली पाटी उचलली. जाऊन बसलो. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. गणन चालू होतं, फुकटच्या सॉफ्टवेअरवर. डेटा खरा. मी चूक शोधली. सापडली नाही.

निघताना तिने विचारलं, सर, सोमवारी चारला ही खुर्ची धरून ठेवू का?

अबोला आहे, त्यामुळे काही बोललो नाही. मान हलवली.