कंदिलावरची दोन पिल्लं

प्रिय आई,

दोन्ही पिल्लं उडाली. आज सकाळी, सव्वासातला. सुनीलला सांगून झालं, शेजारच्या खोल्यांत सांगून झालं, ऑफिसात लेटमार्क लागला तिथेही सांगून झालं, तरी मन भरत नाही. ही बातमी जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती, तिला कोण सांगणार? सासूला पत्र लिहिणारी मी आपल्या चाळीतली पहिलीच सून असेन.

तुम्ही गेलात तेव्हा दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या लेकाला, सुनीलला, स्टुलावर चढवून कंदील उतरवून घेणं, हे तुमचं खातं. तुम्हीच नाहीत म्हटल्यावर दिवा तेवढा आम्ही बंद केला आणि कंदील गॅलरीत तसाच राहिला. पुढे दिसायचा, पण हात लावावासा वाटेना. तुम्ही रागावला असतात, ठाऊक आहे.

मग सकाळचा चहा घेऊन मी गॅलरीतल्या तुमच्या खुर्चीत बसू लागले. दहाच मिनिटं. एवढी वर्षं मला वाटायचं, आई रिकाम्या बसून असतात. "गो, हयसर ये, बघ," म्हणून तुम्ही हाक मारायचात आणि मी कुकरचं कारण सांगायचे. काय बघायचं होतं, कावळे आणि कबुतरं? आता कळतं. जुन्या गिरणीच्या चिमणीवरून घार पंख न हलवता कशी वर चढते, हे मी परळात बावीस वर्षं राहून पाहिलं नव्हतं! साळुंक्या पत्र्यावर भांडत भांडत जोडीनेच चालतात. कुठल्या दारात काय मिळतं ते कावळ्याला पाठ आहे, आणि आपल्याकडे तो अजून तुमच्याच वेळेला येतो. पण आई, एक तक्रार आहे. नुसती हाक मारून थांबायचात कशाला? हात धरून बसवायचं होतं मला.

फेब्रुवारीत पिवळ्या पोटाचा एक इवलासा पक्षी कंदिलाच्या दोरीपाशी घुटमळायला लागला. तुमच्या नातीने फोनवर शोधून सांगितलं, शिंजीर. कोळिष्टकं, सुकी पानं, कागदाचे कपटे, जे मिळेल ते आणून त्या मादीने एक लोंबती पिशवी विणली, दारावर चक्क छोटं छप्परही काढलं. नर तारेवर बसून गायचा. यावर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मी सुनीलला ऐकवलं.

पिल्लांचा आवाज यायला लागला आणि त्याच आठवड्यात खाली फळ्यावर नोटीस लागली. सोमवारपासून रंगकाम, पुढच्या बाजूने सुरुवात. परांचीचा बांबू बरोबर आपल्या कठड्याला बांधणार होते. मी सेक्रेटरींकडे, आपल्या मोहनभाऊजींकडे गेले.

"वहिनी, एका पाखरासाठी अख्खी चाळ थांबवू काय? उचलून झाडावर ठेवा ना."

झाडावर ठेवलेलं घरटं त्या मादीला कसं सापडणार? पण मी मुकाट्याने परत आले. "देवान तुका तोंड दिल्यान कित्याक?" हे तुम्ही मला किती वेळा विचारलंत, आठवतं? त्या दिवशी ते फार लागलं. दोन जीव माझ्या गप्प बसण्याने मरणार होते.

रविवारी मीटिंगला गेले. तुम्ही जायचात, मी कधीच नाही. सगळ्यांचं बोलून झाल्यावर उभी राहिले.

"रंग थांबवू नका," मी म्हटलं. "फक्त मागच्या बाजूने सुरू करा."

"दर वेळी पुढूनच होतं, वहिनी."

"म्हणूनच म्हणतेय. दर वेळी मागच्यांना उरलेला रंग मिळतो. गेल्या खेपेला अर्धी भिंत पिवळी, अर्धी गुलाबी झाली होती."

मागच्या खोल्यांतले लोक हसले. मग शेलारमावशी उठल्या. "बरोबर बोलतायत त्या. आमची बाजू आधी घ्या." एकामागून एक हात वर गेले आणि मोहनभाऊजींनी पेन खिशात ठेवलं. "घ्या मग मागून."

आई, मी जिंकले! चार लोकांत उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा जिंकले. लाज एकाच गोष्टीची वाटते. मागच्यांचं हे गाऱ्हाणं मी नळावर वर्षानुवर्षं ऐकत आले होते, आणि आपल्याला ताजा रंग मिळतोय म्हणून गप्प होते. पाखरांवर वेळ आली नसती तर अजूनही गप्पच असते.

काल रंगारी वळून पुढच्या बाजूला पोचले. आज सकाळी बांबूवाला आपल्या गॅलरीखाली उभा, आणि पिल्लं अजून आत. मी वरून हातानेच थांबायची खूण केली आणि घरट्याकडे बोट दाखवलं. पहिलं निघालं ते थेट शेजारच्या तुळशीवर. दुसरं दारात बसून राहिलं. मादी तारेवरून हाका मारतेय, ते मान काढतंय, परत आत घेतंय. माझी बस गेली. सुनीलने दाढी अर्धी सोडून येऊन खांद्यावर हात ठेवला. आणि ते सुटलं! जरासं खाली गेलं, सावरलं, आणि तारेवर आईशेजारी जाऊन बसलं. मी ढसाढसा रडले, तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते एवढी.

"गये क्या, भाभी?" खालून बांबूवाल्याने विचारलं.

"दोनों गये."

"अच्छा हुआ," म्हणून त्याने बांबू उचलला.

संध्याकाळी शेलारमावशी जिन्यात भेटल्या. "कमिटीची निवडणूक आलीय, मागच्या सगळ्या खोल्या तुमच्या बाजूने आहेत," म्हणाल्या. मी हसून वर आले आणि हे लिहायला बसले, तोवर माझं ठरलं होतं. आई, मी उभी राहणार आहे. निवडूनही येणार. आणि आपल्या चाळीतलं एकही घरटं यापुढे मला विचारल्याशिवाय हलणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
वैशाली