बाराव्या मजल्यावरचं रिकामं टेबल

१२ मार्च, मंगळवार. बोट अजून सिंगापूरच्याच धक्क्याला.

नवीन वही, नवीन पेन, नवा मी. निवृत्तीनंतरचा पहिलाच प्रवास. संकल्प: रोज सकाळी डेकवर चालायचं. लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया, फक्त एकदा. साडूशी वाद घालायचा नाही. आणि डोळे उघडे ठेवायचे, कारण बोटीवर गुन्हा घडणारच. इतकी माणसं, इतकं खाणं आणि इतका मोकळा वेळ एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? शिवाय गुन्हेगाराला पळायला जागा नाही. वाहनतळ विभागात मी तीस वर्षं पावत्या फाडल्या. नुसत्या टायरकडे बघून मालक किती वेळात परत येईल ते सांगायचो. ही नजर फुकट घालवायची नाही.

प्रवासाचं निमित्त सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस. शुक्रवारी संध्याकाळी मोठं जेवण, पाहुणे, फोटो, भाजलेलं बदक. सासूबाई सहा महिने त्या बदकाचं नाव घेत आहेत. खर्च अर्थात साडूचा. डॉक्टर चिया, दातांचे डॉक्टर, माझ्या मेहुणीचे यजमान. सासूबाई त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात. मला ‘पावती’ म्हणतात. एकोणतीस वर्षं झाली.

दुपारी तीन. बाराव्या मजल्यावर जेवायला ही झुंबड! सगळं सिंगापूर ताट घेऊन उभं. मी डगमगलो नाही. खिडकीजवळ, खांबाच्या मागे एक टेबल रिकामं दिसलं. सासूबाई गेक हूनबरोबर (गेक हून म्हणजे माझी बायको) हात धुवायला गेल्या होत्या, पर्स माझ्याकडे होती. हाताला लागलं ते टिश्यूचं पाकीट काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं. झालं, टेबल चोप! चोप म्हणजे जागा अडवली; पाकीट ठेवलं की जागा आपली, ही सिंगापूरची रीत. आता खुद्द कप्तान आला तरी बसणार नाही. तेवढ्यात गेक हूनचा फोन. म्हणे, कुठे आहेस, डॉक्टरांनी चौथ्या मजल्यावर टेबल राखून ठेवलंय, चारही दिवस तिथेच जेवायचं, टेबलांवर पांढऱ्या चादरी आहेत, लवकर ये.

पांढऱ्या चादरी! रागारागाने खाली गेलो. साडूशी वाद घातला नाही. फक्त बोललो नाही.

सासूबाईंनी नुसती पेज घेतली. बोट लागली म्हणाल्या. बोट तेव्हा धक्क्यालाच होती, पण मी दाखवून दिलं नाही.

१३ मार्च, बुधवार. पेनांग.

चालायला गेलो नाही. वारा होता.

घडला! गुन्हा घडला! सासूबाईंची खालची कवळी चोरीला गेली!

काल दुपारीच लक्षात आलं होतं त्यांच्या, पण लाजेने बोलल्या नाहीत. आज सकाळी तोंडावर रुमाल धरून बसलेल्या. गेक हूनने खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल झाल्या. कवळी हिरडीला घासते म्हणून खाणं नसेल तेव्हा त्या काढून टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवतात. काल बोटीवर चढतानाही ठेवली. नंतर बघतात तर नाही. पर्स तीनदा उपडी केली. औषधं निघाली, वेखंडासारखं काहीतरी निघालं, माझ्या लग्नातला एक फोटो निघाला (त्यात मी नाही), कवळी नाही.

आणि आता त्यांनी जाहीर केलंय की शुक्रवारचं जेवण रद्द. पाहुण्यांसमोर बोळकं घेऊन मी बसणार नाही आणि माझ्यासमोर बदक कुणी खायचं नाही. मेहुणी रडली. मला मात्र एकदम मोकळं वाटलं. एकोणतीस वर्षं या क्षणाची वाट पाहत होतो. सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, मा, शुक्रवारच्या आत कवळी तुमच्या तोंडात असेल, हा माझा शब्द. सासूबाईंनी रुमालाआडून विचारलं, कुणाची?

दंतहीन असल्यामुळे शब्द नीट कळले नाहीत असं मी धरून चाललो आहे.

तपास सुरू. बोटीच्या सुरक्षा अधिकारी मिस लुमाबान, फिलिपिन्सच्या, यांना भेटलो. हरवलं-सापडलंच्या खोक्यात बघून त्या म्हणाल्या, सर, चष्मे पुष्कळ आहेत, कवळी एकही नाही. मी त्यांना बोट बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, सर, सगळे उतरून पेनांग बघायला गेलेत. ढिसाळ कारभार.

महत्त्वाची नोंद: साडू सासूबाईंना म्हणाला, राहू द्या मा, परत गेल्यावर दुसरी करून देतो, याहून झकास. किती सहज म्हणाला! कवळी हरवण्यात फायदा कुणाचा? कवळी करणाऱ्याचा. हे गेक हूनला सांगितलं. ती म्हणाली, तो आईकडून एक पैसा घेत नाही. मी म्हटलं, तेच तर. ती दिवा मालवून झोपली.

लाक्सा घेतला. आजचा तो एकदाच.

१४ मार्च, गुरुवार. फुकेत.

चालायला जाणार होतो, पण तपास महत्त्वाचा.

युक्ती काढली. चोरलेली कवळी चोर स्वतः वापरत असेल, तर ती त्याला नीट बसणार नाही. म्हणजे सगळ्यांचे खालचे दात बघायचे. त्यासाठी माणूस हसला पाहिजे. त्यासाठी आपण आधी हसलं पाहिजे. लिफ्टजवळ उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक वयस्कर प्रवाशाकडे पाहून तोंड भरून हसलो. बहुतेक जण हसले. मलेशियातल्या इपोहच्या एका बाईंचे दात संशयास्पद वाटले म्हणून जरा वाकून बघितलं.

मिस लुमाबान आल्या. म्हणाल्या, सर, तक्रार आहे. मग गेक हून आली. माझा दंड धरून मला केबिनपर्यंत घेऊन गेली. लोक बघत होते. केबिनमध्ये म्हणाली, माझी आई तीन दिवस पेजेवर आहे आणि तू बायकांच्या तोंडात डोकावतोयस!

तिला पद्धत समजावण्यात अर्थ नव्हता.

चार वाजता. मन शांत करायला एकटाच बाराव्या मजल्यावर चहाला गेलो, आणि तिथे दुसरा गुन्हा सापडला. पहिल्यापेक्षा फार मोठा.

खिडकीजवळ, खांबाच्या मागे एक टेबल. टेबल चोप केलेलं, मधोमध टिश्यूचं पाकीट. माणूस नाही. अर्धा तास बसलो, कुणी येईना. सगळीकडे लोक ताट घेऊन जागा शोधत फिरतायत, त्या टेबलापाशी येतात, पाकीट बघतात, पुढे जातात. शेजारच्या टेबलावरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, अहो, मंगळवारपासून असंच आहे! आम्ही रोज म्हणतो, कोण हा नशीबवान, खिडकीची जागा धरली आणि येतच नाही. मी विचारलं, मग तुम्ही का नाही बसलात? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, चोप केलंय ना?

बरोबर आहे. मीसुद्धा पाकिटाला हात लावला नाही. तपास गेला खड्ड्यात, दुसऱ्याने अडवलेल्या जागेला हात लावायचा नाही एवढे संस्कार आहेत माझ्यावर. पोऱ्याला नव्हे, चांगल्या पोक्त वेटरला विचारलं की तुम्ही कसं उचललं नाही. तो म्हणाला, अंकल, मागे एकदा एकाने सिंगापूरच्या सफरीवर पाकीट उचललं होतं, कप्तानाला भांडण सोडवायला खाली यावं लागलं. आम्ही पाकीट उचलतो, टेबल पुसतो, पाकीट परत ठेवतो.

आता विचार करायचा. सिंगापूरचा माणूस खिडकीजवळची जागा चोप करतो आणि जेवायला येत नाही. एकदा नाही, तीन दिवस नाही. असं कधी होईल? तो जिवंत असताना तर नाहीच!

मान वाकडी करून पाकिटावरचं वाचलं. निळी छपाई, हसणारी दाढ, ‘चिया दंत चिकित्सालय’.

साडू!

साडू ही पाकिटं त्याच्या पेशंटांना फुकट वाटतो. मेलेला माणूस साडूचा पेशंट होता. बिघडलेला दात, तक्रार, कोर्टाची धमकी, दोघांची बोटीवर गाठ, वादावादी, समुद्र. आणि कवळी? सासूबाईंनी काहीतरी पाहिलं असणार. त्या बोलू नयेत म्हणून त्यांचे दात पळवले! दोन्ही गुन्हे एकाच सुतात बांधले गेले. मी इतका खूश झालो की लाक्सा घेतला.

मिस लुमाबान म्हणतात, सर, प्रत्येक बंदरावर कार्डं मोजतो, एकही प्रवासी कमी नाही. मी मंद हसलो. म्हणजे त्याही सामील.

१५ मार्च, शुक्रवार. समुद्रात. सकाळ.

आज उलगडा. भाषण तयार आहे. आरशासमोर दोनदा म्हटलं. मेहुणीबद्दल वाईट वाटतं, पण तिला सावरायला आम्ही आहोत. सासूबाईंची कल्पना करतोय. ‘पावती’ म्हणणार नाहीत आजपासून. माझ्या नावाने, बून टेक म्हणतील. कदाचित ‘बाळ बून टेक’.

संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांना बाराव्या मजल्यावर बोलावलंय. जेवण होणार की नाही ते नंतर ठरेल.

त्याच दिवशी, रात्र.

लिहायची इच्छा नाही. पण वही नवी आहे.

सगळे आले. सासूबाई काठी टेकत, तोंडावर रुमाल. गेक हून, मेहुणी, साडू, मिस लुमाबान. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी आणखी दहा-बारा जणांना आणलं होतं, त्या टेबलाची सगळ्यांनाच उत्सुकता होती. इपोहच्या बाईही होत्या, लांब उभ्या.

मी सुरुवात छान केली. हे टेबल पाहा, म्हणालो. याचा मालक आता कधीच येणार नाही. लोक गंभीर झाले. एका बाईंनी हात जोडले. मग मी बोट न दाखवता, नुसत्या नजरेने साडूकडे वळलो आणि म्हणालो, डॉक्टर, हे पाकीट कुणाच्या दवाखान्याचं? साडू म्हणाला, माझ्याच. मी म्हणालो, ते कुणाला दिलं होतं? साडू म्हणाला, पेशंटांना देतो. आणि मांना, महिन्याला एक खोकं.

इथे मी थोडा थांबलो. थांबायला नको होतं. सासूबाई पुढे झाल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि रुमाल काढून ओरडल्या. दात नसताना माणूस इतकं स्पष्ट ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, अरे, हे माझं आहे! कोपरा मी दुमडलाय!

मिस लुमाबाननी हातमोजे घातले. पाकीट उघडलं. वरचा टिश्यू काढला, दुसरा काढला. तिसऱ्यात सासूबाईंची खालची कवळी, मला बघून हसत असल्यासारखी.

 मग गेक हून अगदी हळू आवाजात म्हणाली, मंगळवारी माची पर्स कुणाच्या हातात दिली होती मी?

मला त्या क्षणी सगळं आठवलं. पांढऱ्या चादरीसकट. मी म्हणालो की तपासात अशी वळणं येतात. शेजारचे काका म्हणाले, म्हणजे तीन दिवस लोकांनी तुमच्यामुळे ताट घेऊन उभं राहून खाल्लं?

कवळी उकळत्या पाण्याने धुतली. वाढदिवस झाला, फोटो झाले, बदक आलं. सासूबाईंनी दोनदा घेतलं. साडूला मी खुनी म्हणणार होतो हे सगळ्यांना कळलं, कारण माझं भाषण खिशातून पडलं आणि मेहुणीने मोठ्याने वाचलं. साडू इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, कागदाच्या पाठीमागे अजून आहे का? त्याने रागावायला हवं होतं. मला खरंच वाईट वाटलं. मी माफी मागितली, अगदी मनापासून, आणि तो म्हणाला, सोडा हो, माझ्या पेशंटांना समुद्रात टाकावंसं मलाही वाटतं कधीकधी.

मी बदक घेतलं नाही. घशाखाली उतरलं नसतं.

१६ मार्च, शनिवार. सिंगापूर दिसतंय.

पहाटे जाग आली म्हणून डेकवर गेलो. चाललो नाही, उभा राहिलो. सासूबाई आधीच तिथे खुर्चीवर बसलेल्या. पळणार होतो, त्यांनी काठीने बाक दाखवला. बसलो.

समुद्राकडे बघतच त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणाला नवी करून देतो. माझ्या दोन्ही पोरी म्हणाल्या, मा, पेज खा, चार दिवसांचा प्रश्न आहे. माझे दात शोधत वेड्यासारखा बोटभर फिरलास तो तू एकटा. हरवलेस तूच, ते वेगळं. पण फिरलास, बून टेक.

बून टेक!  एकोणतीस वर्षांत कुणी मला इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी म्हणालो, मा, हे तुम्ही सगळ्यांसमोर बोलाल का? गेक हूनसमोर, डॉक्टरांसमोर? फक्त एकदा. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, मी नाही बोलणार. तू सांग हवं तर, की मा असं म्हणाली. फक्त मी गेल्यावर सांग.

खाली नाश्त्याला गेलो. साडू सासूबाईंची नाडी बघत होता. म्हणाला, मा, ऐंशी कसल्या, साठीच्या वाटता. हृदय ठणठणीत, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. अजून वीस वर्षं तुम्हाला काही होत नाही.

मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मला आनंदच झाला, हे इथे लिहून ठेवतो.