कडूबाईची चौथी ओवी

मी, राधाकृष्ण सहादेव मरकड, वय चौपन्न, धंदा हिंदी चित्रपटांची गाणी लिहिणे, राहणार शेवगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, घसा नाही. डॉक्टर पावसाळ्यापुढचं काही बोलत नाहीत. हे माझ्याकडून कोणी दमदाटी करून लिहवून घेतलेलं नाही. तसं मी पुष्कळ लिहिलं, पण ते निर्मात्यांसाठी.

१. मुंबईत पंचवीस वर्षं 'दर्द नगरी' या नावाने मी गाणी, रेडिओच्या श्रुतिका, दंतमंजनाच्या जाहिराती आणि एका सिने-साप्ताहिकात नटनट्यांची भांडणं लिहिली. लग्न केलं नाही. मागे राहतं ते शेवगावचं दोन खोल्यांचं घर, पोस्टातली शिल्लक, एक बाजाची पेटी आणि एक रौप्यमहोत्सवी ढाल.

२. घर आणि शिल्लक माझी थोरली बहीण कडूबाई हिला द्यावी. पुतण्या काकासाहेब याने त्यावर हरकत घेऊ नये. माझ्या आजारपणात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा भिंती मोजून गेला. ढाल मात्र त्याने न्यावी, मिरवायची हौस त्यालाच आहे. मला ती डोळ्यांसमोर नको.

३. पेटी गावच्या शाळेला. एका संगीतकाराने ती माझ्याकडे दोनदा मागितली होती. त्याने तीन रेकॉर्डींवरून माझं नाव गाळलं, म्हणून मीही त्याचं नाव इथे गाळतो.

४. आता ज्यासाठी कागद हाती घेतला ते. कडूबाईची एकुलती मुलगी मनकर्णा चौथ्या वर्षी देवीच्या साथीत गेली. फोटो कधी काढला नव्हता. आमच्यात गेलेल्या लेकराचं नाव घरात घेत नाहीत, त्यामुळे कडूबाई ते फक्त जात्यावर घ्यायची. तिने चार ओव्या रचल्या होत्या. मी दहाव्याला गेलो होतो, तेव्हा शेजारी बसून त्या उतरून घेतल्या. ती म्हणाली, "राधू, ह्ये कुनाला दावू नगंस. माझी पोर हाय ह्यात." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

सिनेमात चाल आधी होते, शब्द मागून बसवायचे. अकरा वर्षांनी एक चाल माझ्या गळ्यात पडली आणि शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग होतं. मी त्या ओव्या काढल्या, मनकर्णेच्या जागी 'गोरी' घातली आणि आईचा शोक नायकाच्या तोंडी दिला. रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यात तीन कडवी बसली. चौथी ओवी उरली. तो कागद मी स्टुडिओतच टाकून आलो. गाणं पंचवीस आठवडे चाललं. ती ढाल त्याचीच.

गेल्या पौषात कडूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर ते गाणं लागलं. भाषा हिंदी, पण धूळ, अंगण, पाऊल ती ओळखणारच. ती म्हणाली, "ह्ये माझ्या लेकीचं हाय." बरोबरच्या बायका हसल्या. "म्हातारे, ती तर नटी हाय!"

त्याच आठवड्यात ती माझ्या दारात आली. आत आली नाही. "गावात गिरनी आली, जातं सुटलं, तरी मी मनात म्हनत हुते. आता त्वांड उघडलं की तुझंच येतंय. माझं मला परत दे."

५. म्हणून तिच्या ओव्या तिला परत देतो. त्यांवर माझा वा कोणा निर्मात्याचा हक्क नाही. आठवल्या तशा:

मनकर्णा माझी गेली, पाऊल ठेवून धुळीत
कसं झाडू अंगण, केरसुणी धरून मुठीत

मनकर्णेच्या हातांचे, भिंतीवर ठसे पिठाचे
कसं सारवू घर, हात मोडतील लेकीचे

मनकर्णेची हाक, जात्याच्या घरघरीला
कसं थांबवू दळण, ऐकते मी लेकीला



६. काल तिला बोलावून हे वाचून दाखवलं. उंबऱ्याबाहेर बसून तिने डोळे मिटून ऐकलं. ओठ हलत होते. तिसरी संपली तरी ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "फुडं?"

मी म्हणालो, "आक्का, ती माझ्याकडून हरवली. तीन महिने आठवतोय."

"मलाबी येत न्हाई. तुझ्यापाशी लिवलेली आसंल म्हनून आले." ती उठली. "त्यात तिचं त्वांड हुतं, राधू. नाक, डोळं, हनुवटीवरचा तीळ, समदं त्यातच घातलं हुतं मी. आता मला तिचं त्वांड दिसत न्हाई."

ती गेली. घर नको म्हणाली नाही, हवं असंही म्हणाली नाही.

७. कलम पाचमध्ये ओव्यांखाली चार बोटं जागा मी मुद्दाम सोडली होती. वकील गहिनीनाथराव म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा ठेवू नये, मागाहून कोणी काही भरतं. ती जागा भरू शकतील अशी दोनच माणसं होती, आक्का आणि मी. आज तिथे मी माझ्या हाताने आडवी रेघ मारली आहे.

हे सर्व वाचून, समजून सही केली.

राधाकृष्ण सहादेव मरकड

आमच्यादेखत मृत्युपत्रकाराने सही केली व रेघ मारली:
१. भीमा कारभारी गर्जे, सही
२. केशरबाई, शेजारीण, डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण: शेवगाव
दिनांक: १२ एप्रिल १९७३