न आलेला आकडा

रत्नागिरी, १८ जून

चि. सौ. दीपालीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की आकडा वाचता आला नाही म्हणून धोक्याची घंटा वाजवणे तर्काला धरून नाही. फोनवर हे सांगितले नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस.

तुमच्या परसामागून वाहणाऱ्या पऱ्यावर आमच्या जावयाने, हर्षदने, पाणीमापक बसवला. त्याचे आकडे तारेने घरातल्या यंत्रात येतात आणि ते वाचणारा प्रोग्रॅम तू रस्ट भाषेत लिहिलास. पाणी खुणेवर गेले की घंटा, आणि घंटा झाली की तळमजल्यावरच्या यमुनाबाईंना माडीवर न्यायचे. इथवर उत्तम. पण आकड्याची ओळ तुटकी आली तरी तीच घंटा! मी आलो होतो त्या दिवशी उंदराने तार हलवली, आणि तुम्ही विहीणबाईंना भरल्या ताटावरून उचलून वर नेलेत. पऱ्यात तेव्हा घोटाभर पाणी नव्हते. मी सासू आहे की नारळाचे पोते, असे त्यांनी विचारले, ते योग्यच होते.

माझा युक्तिवाद असा: पाणी वाढले तर वाढलेला आकडा येतो. तो आलेला नाही. सबब पाणी वाढलेले नाही. तेव्हा तुटकी ओळ टाकून द्यावी आणि आधीचा आकडा कायम धरावा. खोडून काढता आला तर काढ.

तुझा,
आप्पाकाका

चिपळूण, २४ जून

ती. स्व. आप्पाकाकांस,
सा. न. पत्रात तुम्हालाही मध्ये बोलता येत नाही, हे लक्षात आल्यामुळे सविस्तर लिहिते.

ओळ एकदम येत नाही, तुकड्यातुकड्याने येते. २१५ सेंटिमीटरमधले नुसते २१ हाती आले आणि तेच खरे धरले, तर डोक्यावरचे पाणी गुडघ्याखाली जाते. म्हणून ओळ संपल्याची खूण आल्याशिवाय मी आकडा मानत नाही. ती खूण आलीच नाही, तर यंत्राने पोट फुटेपर्यंत गिळत बसू नये, म्हणून ओळीच्या लांबीलाही मर्यादा घातली आहे. शिवाय ही भाषा वाचलेले बंद डब्यात हाती देते. आत आकडा असेल किंवा चूक असेल. डबा उघडून पाहिल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. चूक निघाली तर तिच्या जागी जुना आकडा ठेवा, असे तुम्ही सांगता. भाषा तेही करू देते आणि कुरकुर करत नाही. कुरकुर माझ्या मनाची आहे.

पण घरात मी एकटी पडले. हर्षद तुमच्या बाजूचा. सासूबाईंनी तर जाहीर केले, की उंदराच्या घंटेवर त्या पुन्हा जिना चढणार नाहीत, त्यापेक्षा पोहायला शिकतील. आणि जिच्यावर कोणी हलत नाही ती घंटा काय कामाची? तेव्हा तुम्ही म्हणता तसा बदल आजच केला. मी हरले असे समजू नका, कंटाळले असे समजा.

काकूंना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दीपाली

चिपळूण, २३ जुलै

ती. स्व. आप्पाकाकांस,
सा. न. आधी हे वाचा: सगळे सुखरूप आहेत.

काल दुपारी फणसाची फांदी पडून पाणीमापकाची तार तुटली. पडद्यावर मात्र सकाळचा आकडा तसाच होता. मी माडीवर खिडक्या लावून कामाला बसले होते. मधूनमधून त्याच्याकडे बघत होते आणि निर्धास्त होत होते. बाजारात पाणी शिरू लागले म्हणून हर्षद दुकान बंद करून आला, तेव्हा खाली सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या वहाणा खोलीभर तरंगत होत्या. त्याने आणि शेजारच्या संदेशने खुर्चीसकट त्यांना वर आणले. मागाहून गादी भिजली.

हाक का मारली नाहीत, असे मी रडकुंडीला येऊन विचारले. त्या म्हणाल्या, सुनेचे यंत्र गप्प, व्याह्यांचे तर्कशास्त्र गप्प, तेव्हा पाणी आपल्या एकटीलाच दिसत असेल असे वाटले.

आता मी तीन वाटा केल्या आहेत. आकडा खुणेखाली असेल तर शांतता, खुणेवर गेला तर घंटा, आणि आकडा वाचता आला नाही तर निराळी टिकटिक. ती ऐकली की कोणीतरी उठून परसात जायचे आणि डोळ्यांनी पाणी बघायचे. सासूबाईंना हे पटले आहे. तुम्हाला पटले का, हे त्यांनी विचारायला सांगितले आहे.

तुमची,
दीपाली

रत्नागिरी, २९ जुलै

श्रीमती यमुनाबाई यांस,
स. न. वि. वि. प्रश्न आपण विचारलात, म्हणून उत्तर दीपालीला न देता आपणास देतो.

विस्तव असला की धूर असतोच, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी आयुष्यभर नापास करत आलो. धुराला विस्तवाबरोबर ओले सर्पणही लागते. त्याचप्रमाणे आकडा येण्यास पाणी वाढणे पुरेसे नाही, तार शाबूत असावी लागते. ही अट मी गाळली. ती दीपालीला दिसत होती. मी तिचा काका असल्यामुळे तिने माझे ऐकले, आणि आपण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलात.

पुन्हा पाणी दिसले तर कृपा करून प्रथम हाक मारावी. यंत्र काय म्हणते आणि मी काय म्हणतो, हे नंतर पाहता येईल.

न आलेल्या आकड्याला मी ‘पाणी वाढलेले नाही’ असे उत्तर मानले. ‘माहीत नाही’ हे त्याचे खरे उत्तर होते. ही चूक माझी आहे, दीपालीची नाही.

अनिल गोविंद आगाशे